आदराचा सुरक्षागुणक

रविवार, दिनांक ११ जानेवारी २०२६, सकाळी ठीक ९ वाजून १० मिनिटांनी नवनाथ शहादेव ओव्हाळ यांनी वहीतील सत्ताविसाव्या नोंदीखाली पट्टीने दुहेरी रेघ मारली, पेनाला टोपण लावले आणि स्वयंपाकघराच्या दिशेने जाहीर केले, "झाला! तक्ता पूर्ण झाला! आता हमालापासून राजापर्यंत, हॉलंडचा कोणताही पुरुष या दारात उभा राहू दे, त्याला नेमके काय म्हणायचे ते या घराला ठाऊक आहे!"

आतून पंचशीलाबाईंचा आवाज आला, "आधी त्या गॅसवाल्याला काय म्हणायचं ते ठरवा. तीन दिवस झाले, फोन उचलत नाही."

नवनाथरावांनी रेघ वाळावी म्हणून तिच्यावर फुंकर घातली. तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन त्यांनी परळीच्या वीज केंद्रात चौतीस वर्षे काढली होती, आणि निवृत्तीनंतर राखेपासून दूर म्हणून अंबाजोगाईला घर बांधले होते. तिकडे बॉयलर, इकडे संसार, एवढाच काय तो फरक. नोंदवही दोन्हीकडे होती. पाण्याची मोटर किती वाजता सुरू झाली, मिक्सरचे भांडे कितव्यांदा गळले, पंचशीलाबाई कोणत्या कारणावरून किती वेळ अबोल राहिल्या, सारे तारीखवार लिहिलेले असे.

पण ही वही निराळी होती. त्यांची एकुलती एक मुलगी पौर्णिमा सहा वर्षांपासून हॉलंडमध्ये नोकरीला होती. तिथल्याच योस्त पोस्तमा नावाच्या मुलाशी तिचे लग्न ठरले होते आणि योस्त व त्याचे वडील हेन्क पोस्तमा हे बावीस तारखेला साखरपुड्यासाठी अंबाजोगाईला येणार होते. तेव्हा प्रश्न असा होता, की व्याह्यांना हाक काय मारायची?

हा प्रश्न दुसऱ्या कोणाला किरकोळ वाटला असता. नवनाथरावांना तो तसा वाटणे शक्य नव्हते. त्यांचे वडील शहादेव गावात आयुष्यभर 'शाद्या' होते. साठी उलटलेल्या त्या माणसाला वाड्यावरचे दहा वर्षांचे पोर 'ए शाद्या, इकडं ये बे!' म्हणून हाक मारी आणि शहादेव हातातले काम टाकून जात. त्या हाकेने मुलाच्या छातीत जो खिळा ठोकला होता, तो सहासष्टाव्या वर्षीही गंजला नव्हता. आपल्या उंबऱ्यात कोणालाही त्याच्या योग्यतेपेक्षा एक पायरी खालून हाक जाणार नाही, हा त्यांचा नियम होता. दूधवाला 'हनुमानजी' होता. भंगारवाला 'शेठ' होता. कॉलनीतला एक कुत्रासुद्धा त्यांच्या तोंडून 'अहो, सरका जरा' ऐकत असे.

त्यांनी डच पत्रलेखनाची एक मार्गदर्शिका संगणकावर शोधून छापून घेतली. ती १९६१ सालची होती. जुनी यंत्रे टिकाऊ असतात या तत्त्वावर त्यांनी तिच्यावर पूर्ण विश्वास टाकला. तिच्यात पुरुषांच्या आदराची चक्क शिडी दिली होती! साध्या गृहस्थाला 'मनेर', म्हणजे महाशय. पाकिटावर लिहायचे तर 'वेलएडलखबोरन हेर', अर्थात कुलीन जन्मलेले श्रीमान. हे वाचताना नवनाथरावांच्या भुवया वर गेल्या. परंतु पुढच्याच पायरीवर त्या खाली आल्या. कारण पदवीधर अभियंता झाला, की माणूस 'वेलएडलखस्ट्रेंग' होत होता, विद्वान झाला की आणखी वर आणि प्राध्यापक झाला की त्याहून वर! कुलीन जन्म तळाच्या पायरीवर, आणि परीक्षा पास होणारा वरच्या!

"काय देश आहे!" ते उद्गारले. "याला म्हणतात व्यवस्था!"

आता पोस्तमांना कोणत्या पायरीवर बसवायचे? त्यांनी पौर्णिमाला फोन लावला.

"पप्पा, योस्तचे वडील लई साधे आहेत."

"ते झाले. शिक्षण काय? हुद्दा काय?"

"पाण्याच्या खात्यात होते. पुलांवर. अडतीस वर्षं. पप्पा, माझी मीटिंग सुरू होतेय. पण एक ऐका. योस्तची आई गेल्यापासून बापलेक तीन वर्षं बोलत नव्हते. या लग्नामुळे आत्ता कुठे बोलायला लागलेत. काचेसारखं आहे सगळं. तुम्ही फक्त साधं वागा. काही कार्यक्रम करू नका! प्लीज!"

फोन बंद झाला. नवनाथरावांनी वहीत लिहिले, 'काच. काळजीपूर्वक हाताळणे.' आणि मग विचाराला बसले.

पाण्याचे खाते! ज्या जिल्ह्यात टँकरच्या भोंग्याला लोक घागरी घेऊन वरातीसारखे धावतात, तिथे पाण्याच्या खात्यात अडतीस वर्षे काढलेला माणूस म्हणजे कोण? त्यात पुलांवर. म्हणजे अधीक्षक अभियंता तर नक्कीच. कदाचित मुख्य अभियंता. शिवाय 'लई साधे आहेत' असे फक्त मोठ्या माणसाबद्दलच म्हणतात. लहान माणूस साधा असतो, हे सांगण्याची गरज कोणाला पडते?

त्यावर त्यांनी यंत्रशास्त्राचा पहिला धडा लावला. दोराला एक टन उचलायचा असेल, तर दोर पाच टनांचा घ्यावा. याला सुरक्षागुणक म्हणतात. आदराचेही तेच. हिशेबाने 'वेलएडलखस्ट्रेंग' निघत असेल, तर तीन पायऱ्या वर चढून 'होखएडलखस्ट्रेंग' म्हणावे. ही पायरी तिकडे खासदारांसाठी आणि सेनापतींसाठी राखलेली होती. "आदर जास्त झाला म्हणून कोणी दगावल्याचे ऐकिवात नाही!" असे म्हणून त्यांनी त्या नोंदीवर लाल वर्तुळ काढले.

मग सराव सुरू झाला. डच भाषेतला तो 'ख' घशाच्या अशा कोपऱ्यातून काढावा लागे, जिथे नवनाथरावांचे यापूर्वी कधी जाणे झाले नव्हते. रोज सकाळी सहा ते साडेसहा गच्चीवर 'होखखख! खखस्ट्रेंग!' असा गजर होऊ लागला. पंचशीलाबाईंनी आले-तुळशीचा काढा सुरू केला. तिसऱ्या दिवशी शेजारचे बंकट, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, कुंपणावरून डोकावले.

"ओव्हाळ साहेब, दाखवून या बरं! गावात एवढं मोठं मेडिकल कालेज हाय, अन् हे कावून अंगावर काढता?"

"बंकटराव, ही भाषा आहे."

"असंल. पर कफ पडला का न्हाई?"

इथपर्यंत सारे घरातल्या घरात होते. ते घराबाहेर नेले सतीशने. सतीश हा पंचशीलाबाईंचा धाकटा भाऊ. चौसाळ्याला हायवेलगत त्याचा फ्लेक्स छापण्याचा कारखाना होता आणि माणसाच्या आयुष्यातील कोणताही प्रसंग दहा फुटांपेक्षा लहान असू शकतो, हे त्याला मान्य नव्हते.

"दाजी, जय भीम! पाव्हण्यांचा फोटू धाडा."

"सतीश, पौर्णिमाने कार्यक्रम नको म्हटले आहे."

"फ्लेक्स म्हंजे कार्यक्रम हाय का? फ्लेक्स म्हंजे फ्लेक्स! चीफ इंजिनेर पाव्हणा येतोय अन् गेटावर काईच न्हाई? लोक म्हणतील, ओव्हाळांनी पोरगी गुपचूप दिली!"

या शेवटच्या वाक्याने नवनाथरावांचा बांध फुटला. फोटो एकच होता. त्यात उघडे पोस्तमा एका बोटीत उभे राहून हातात भला मोठा मासा धरून हसत होते. सतीशने माशाच्या जागी पुष्पगुच्छ दिला, अंगात कोट घातला आणि डोळ्यांवर काळा चष्मा चढवला.

गुरुवार, बावीस तारीख. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी गाडी दारात थांबली. आधी पौर्णिमा उतरली आणि फाटकावरचा पंधरा बाय दहाचा फ्लेक्स बघून जागीच थिजली. मग तिच्यामागून योस्त उतरला. फ्लेक्सवर मराठीत आणि इंग्रजीत लिहिले होते, 'होखएडलखस्ट्रेंग हेर पोस्तमा साहेब, मुख्य अभियंता, जलसंपदा, संपूर्ण हॉलंड, यांचे अंबाजोगाई नगरीत सहर्ष स्वागत!' योस्तने ते वाचले आणि त्याचा गोरा रंग आणखी दोन छटांनी उतरला. शेवटी साडेसहा फुटांचे हेन्क पोस्तमा गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि सैल सदरा अशा वेशात बाहेर आले. त्यांनी फ्लेक्स वाचला. मोठ्याने हसले. आजूबाजूला पाहिले. जमलेले बावीस नातेवाईक आणि शेजारी अत्यंत गंभीर होते. हेन्क यांचे हसू हळूहळू थांबले आणि त्यांनी फ्लेक्स पुन्हा, या वेळी सावकाश, वाचला.

नवनाथराव दोन पावले पुढे झाले, कमरेत झुकले आणि अकरा दिवसांचा घसा पणाला लावून म्हणाले, "होखएडलखस्ट्रेंग हेर!"

पाहुण्यांनी हात पुढे केला. पुढचे सारे संभाषण इंग्रजीत झाले. एकाचे इंग्रजी समुद्राकाठचे, दुसऱ्याचे परळीचे, आणि मधल्या खड्ड्यांवर पौर्णिमा फळी टाकत होती.

"हेन्क," पाहुणे म्हणाले. "नुसते हेन्क म्हणा."

इथेच सारा घात झाला.

आपल्या जिल्ह्यात 'नको' या शब्दाचे एक शास्त्र आहे. व्यासपीठावर पुढारी 'हार नको, हार नको' म्हणू लागला, की कार्यकर्ते ओळखतात, हार लहान पडला. मग मोठा आणतात. तोही नको म्हटला, तर क्रेनने उचलायचा आणतात. पन्नास वर्षे हे पाहिलेल्या नवनाथरावांनी 'नुसते हेन्क म्हणा' याचा जो अर्थ घ्यायचा तोच घेतला. पायरी कमी पडली!

शाल घालताना ते एक पायरी वर गेले. पाहुणे म्हणाले, "हेन्क, प्लीज." फेटा बांधताना आणखी एक पायरी. "फक्त हेन्क!" पाण्याचा तांब्या देईपर्यंत नवनाथराव थेट मंत्र्यांच्या पायरीवर पोचून 'एक्सेलेन्सी' म्हणू लागले होते आणि तक्त्यात आता फक्त राजघराणे उरले होते.

पौर्णिमाने त्यांना दाराआड ओढले. "पप्पा! हे काय चाललंय? हे शब्द कुणी बोलत नाही! पाकिटावर लिहायचे ते! आणि तेही बंद पडले कधीचे!"

"पाकिटावर लिहितात ते माणसाला ऐकवू नये, असे पुस्तकात कुठे आहे?"

"आणि मुख्य अभियंता कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगावे लागत नाही. निष्कर्ष काढता येतो."

ती पुढे काही बोलणार, एवढ्यात ओसरीवरून बंकटरावांचा आवाज चढला आणि दोघेही बाहेर धावले. बंकटरावांनी टाइप केलेला अर्ज आणला होता. कॉलनीतला बोअर दिवाळीपासून कोरडा पडला होता. अर्जावर एकतीस सह्या होत्या.

"साहेब, सगळ्या हॉलंडाचं पानी तुमच्या हातात हाय म्हनत्यात. आमच्या एका बोअरचं बगा ना! लई न्हाई, दोन इंच लागलं तरी भागतंय!"

त्यांच्यामागे आणखी चौघे उभे होते, प्रत्येकाच्या हातात कागद. एकाला शेततळे हवे होते. एका मावशींना तर पाण्याशी काही कर्तव्य नव्हते. त्यांचा मुलगा बदली मागत होता.

फेट्याचा शेमला खांद्यावर, मांडीवर पाच अर्ज, समोर येसर आमटीचे ताट, आणि त्या आमटीने डोळ्यांत आणलेले पाणी, अशा अवस्थेत हेन्क पोस्तमांनी ताट बाजूला सारले. मग त्यांनी मुलाकडे वळून डच भाषेत एकच प्रश्न विचारला. योस्त काही बोलला नाही. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि या वेळी सर्वांना कळावा म्हणून इंग्रजीत.

"तू यांना मी कोण आहे म्हणून सांगितलेस?"

ओसरीवरचे सारे चेहरे योस्तकडे वळले.

"मी पूल राखत होतो," पाहुणे नवनाथरावांना म्हणाले. "कालव्यावरचा. बोट आली की बटण दाबायचे. फाटक पडते, पूल उचलला जातो, बोट जाते, पूल खाली येतो. अडतीस वर्षे. माझ्याकडे कसलीही पदवी नाही. एवढासा असल्यापासून या मुलाने एकही मित्र कधी माझ्या पुलावर आणला नाही. त्याला लाज वाटे, हे मला तेव्हाही कळत होते. पण त्याने मला इंजिनियर करून टाकले असेल, असे वाटले नव्हते."

"योस्तने असं काही..." पौर्णिमाने तोंड उघडले.

पण योस्त उठला होता. बापाकडे एकदा बघून तो आतल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतले. हेन्क उठले, फेटा काढून खुर्चीवर ठेवला, वाकायचे विसरून दाराच्या चौकटीला कपाळ आपटले, आणि बाहेर जाऊन फाटकाजवळच्या कठड्यावर बसले, आपल्याच फ्लेक्सखाली.

"दाजी," सतीश हळूच म्हणाला, "माशाचाच ठिवला असता तर बरं झालं असतं का हो?"

 पंचशीलाबाई एवढेच म्हणाल्या, "अहो, तीन वर्षांनी बोलायला लागली होती ती माणसं. जा. तुमचं तुम्ही निस्तरा."

नवनाथराव फाटकाशी गेले. यंत्र बिघडले, की आधी अहवाल द्यायचा, ही सवय कामी आली. "चूक माझी आहे," ते उभ्यानेच म्हणाले. "तुमच्या मुलाने मला एक शब्दही सांगितलेला नाही. मी अंदाज बांधला. त्यावर सुरक्षागुणक लावला."

हेन्कनी मान हलवली. "तुम्ही सज्जन आहात. त्याला पाठीशी घालताय. पण एवढे मोठे कापड माणूस उगीच छापत नाही. कोणीतरी काहीतरी सांगितल्याशिवाय नाही."

नवनाथरावांनी वरच्या फ्लेक्सकडे पाहिले. मग वळून हाक मारली, "बंकटराव! गाडी काढा!"

दहा मिनिटांत तिघे चौकात होते. दुपारच्या उन्हात फ्लेक्स वाऱ्याने फडफडत होते. खांबावर, दुकानांवर, झाडांवर, एकावर एक.

"हा कोण?" हेन्कनी काळ्या चष्म्यातल्या एका तरुणाकडे बोट केले.

"याचा परवा वाढदिवस झाला."

"काय करतो?"

"वाढदिवस."

"मग खाली काय लिहिले आहे?"

"'लाखो तरुणांच्या काळजाचा ठोका.'"

"लाखो?"

स्टिअरिंगवरून बंकटराव म्हणाले, "साहेब, त्याला त्याच्या गल्लीत कोन वळखत न्हाई. मागल्या टायमाला माझ्याकडूनच हवा भरायचा पंप न्हेला, आजून आनून दिला न्हाई."

"आणि हे खालचे सतरा चेहरे?"

"शुभेच्छुक."

"ते कोण आहेत?"

"पुढच्या सतरा फ्लेक्सचे मालक."

 पुढच्या वळणावर हेन्कनी पुन्हा बोट केले. "आणि हा? हा तर बैल आहे!"

"हो. 'मराठवाड्याची शान, वायुवेग सर्जा.' शर्यतीत पहिला आला होता. या चौकात ज्याच्याबद्दल लिहिलेले खरे आहे असा हा एकटाच."

तेव्हा साडेसहा फुटांचा तो माणूस हसू लागला. गाडीचे टप हलेल इतके हसला. आणि मग हसता हसता थांबला. चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिला.

"म्हणजे योस्तने खरेच काही सांगितले नव्हते."

"एक शब्दही नाही."

"आणि मी त्याला बावीस माणसांसमोर..."

"होय," नवनाथराव म्हणाले. अहवालात खोटे लिहिण्याची त्यांना सवय नव्हती.

परतीच्या वाटेवर हेन्कनी विचारले, "मी पहिल्याच मिनिटाला नाव सांगितले होते. ते घ्यायला काय अडचण होती? आमच्याकडे ज्याला आपले मानायचे, त्याला नावाने हाक मारतात. ज्याला दाराबाहेर ठेवायचे, त्याला मनेर म्हणतात."

नवनाथराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझ्या वडिलांना सगळा गाव नावानेच हाक मारत असे. तेही अर्ध्या नावाने. आणि त्यांना दाराबाहेरच ठेवत असे. घरी वीज आली तेव्हा पहिले बिल आले. त्यावर छापले होते, श्री. शहादेव गेनू ओव्हाळ. 'श्री' हे अक्षर त्यांच्या नावामागे पहिल्यांदा कोणी लावले असेल तर त्या बिलाने. ते त्यांनी मला दोनदा मोठ्याने वाचायला लावले. नंतर कित्येक महिने ते उशाखाली होते. मला नुसते नाव घेता येत नाही. जीभ वळत नाही."

 मग हेन्क म्हणाले, "प्रयत्न करून बघा. एकदा."

नवनाथरावांनी खोल श्वास घेतला. "हेन्क..." म्हणाले. ओठ मिटले. कपाळावर घाम आला. आणि दाबून धरलेली वाफ सुटावी तसे बाहेर पडले, "...राव!"

बंकटरावांनी गाडी कडेला घेऊन पोट धरले. "हेन्कराव! पाटोद्याचे वाटतेत राव पाव्हणे!"

इथे थांबता आले असते तर बरे झाले असते. परंतु घरी योस्त पायरीवर बसला होता. हेन्क त्याच्यासमोर उभे राहिले आणि डच भाषेत काहीतरी थोडके बोलले. क्षमाच मागितली असावी. ती कोणत्याही भाषेत मान खाली घालूनच मागतात. योस्तने ऐकून घेतले. त्याने जे उत्तर दिले, ते पौर्णिमाने नंतर आईला सांगितले आणि आईने नवनाथरावांना.

"तो म्हणाला, मी मित्रांना पुलावर आणत नव्हतो, कारण शाळा सुटल्यावर तेवढा एकच तास तुम्ही माझ्या एकट्याचे असायचे. मला तो कुणाशी वाटून घ्यायचा नव्हता. आणि तुम्ही तीस वर्षं हे मनात धरलंत? आज एक फ्लेक्स बघून लगेच खरं मानलंत?"

साखरपुडा पंचवीस तारखेला झाला. वंदना झाली, अंगठ्या झाल्या, पेढे वाटले. बापलेक एकाच फोटोत होते आणि त्यांच्यामध्ये सतीश होता. सव्वीस तारखेला सकाळी सात वाजता हेन्क एकटे निघाले. गाडीत बसण्यापूर्वी त्यांनी नवनाथरावांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "येतो, नवनाथ."

नवनाथरावांची आई केशरबाई गेल्यापासून असे बोडके नाव त्यांच्या कानावर आले नव्हते. त्यांना राग यायला हवा होता. आला नाही. याची नोंद कोणत्या रकान्यात करावी, हे त्यांना आजतागायत ठरवता आलेले नाही.

योस्त आणि पौर्णिमा दहा वाजता वेगळ्या गाडीने गेले.

फ्लेक्स उतरवण्यात आला. सतीशने त्याची पाठ चांगली आहे म्हणून तो चौसाळ्याला सोयाबीनवर झाकायला नेला. तक्त्याची वही नवनाथरावांनी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आणि फेब्रुवारीत योस्तला एक पत्र लिहिले. मायना कोणता लिहावा यात चार दिवस गेले. शेवटी त्यांनी काहीच न लावता फक्त 'योस्त,' एवढे लिहिले, आणि ते लिहून झाल्यावर उठून थंड पाणी प्याले. खाली नेहमीच्या पद्धतीने रकाने पाडले. घटना: मुलाच्या माथी खोटे येणे. कारण: अतिरिक्त आदर. जबाबदार: मी. सुधारणा: 'तुमच्या वडिलांनी तीस वर्षे चुकीचे मानले, हे खरे. परंतु ती तीस वर्षे त्यांना दुःख होत राहिले, हेही खरे. ज्याची पर्वा नसते, त्याच्याबद्दल एवढे दिवस दुःख होत नाही. विचार व्हावा.'

उत्तर आले नाही. मार्च गेला, एप्रिल गेला. फोनवर पौर्णिमा हवापाण्याचे बोले. पंचशीलाबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया निघाली आणि लग्नाला जाणे रद्द झाले. शुक्रवार, आठ मे रोजी तिथल्या सरकारी कचेरीत सकाळी अकराला, म्हणजे इथे दुपारी अडीचला, लग्न लागणार होते. योस्तला ना भाऊ होता ना बहीण, ना काका ना मामा. कचेरीत वराच्या बाजूला खुर्च्या दोन मांडल्या काय आणि दोनशे मांडल्या काय, तिथे येऊन बसू शकेल असा माणूस जगात एकच होता, आणि तो येणार की नाही हे पौर्णिमालाही ठाऊक नव्हते.

पावणेतीन झाले. पंचशीलाबाई पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. नवनाथरावांनी फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. सरळ विचारायचे धाडस झाले नाही, म्हणून त्यांनी पौर्णिमाला वीज केंद्रातल्या हजेरीसारखा एक कोरडा प्रश्न लिहून पाठवला, 'वराकडून उपस्थिती किती?'

तीन वाजून चार मिनिटांनी उत्तर आले.

१.